स्वारी आली का?

आजी आता खूप बोलते, ही बातमी ऋजुतानं फोनवर अशी सांगितली, जणू घरातल्या तान्ह्याला पहिला दात आला.

"बुखार उतर गया, आत्या! आणि आजी काय छान बोलतेय! एकदम प्युअर मराठी. मला तर अर्धं समझतच नाही."

"म्हणजे काय बोलते?"

"देवाचं काही असेल. आणि घरी जायचंय तिला. सारखी सवारी विचारते. मी सांगितलं, आणते गं ऑटो, आधी डॉक्टर सोडू तर दे. सिस्टर म्हणाली, सावन आहे ना, बाबा महाकाल की सवारी पूछ रही होंगी."

सुमंगलेला हसू आलं. माघात वडील गेल्यापासून ती फोनवर पहिल्यांदाच हसली असेल. कॉलेजच्या ग्रंथालयात दोन दिवसांची रजा टाकून तिनं धारहून बस धरली, इंदूरला बदलली आणि दुपारी दोनच्या सुमाराला देवासच्या त्या नर्सिंग होमचा जिना चढली.

तिची आई यमुनाबाई एक्याऐंशीच्या. लघवीतल्या जंतुसंसर्गानं ताप डोक्यात जाईल इतका चढला, म्हणून सुमंगलेच्या भावानं, श्रीपादनं, त्यांना इथं आणलं होतं. आज पाचवा दिवस. सलाईनमधून अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू होती, सकाळी, दुपारी चारला आणि रात्री. ताप तिसऱ्याच दिवशी उतरला होता.

खाटेसमोरच्या खिडकीत टेकडी होती, तिच्यावर ओला ढग बसला होता. आई उशांना टेकून बसली होती, डोळे नको तितके लखलखीत. सुमंगलेला पाहताच तिनं पदर सावरला.

"या वन्सं. पाट मांडलेत ना? स्वारी आली का?"

सुमंगला दारातच थांबली.

वन्सं म्हणजे नणंद. सुमंगलेच्या आत्याला जाऊन वीस वर्षं झाली होती. आणि स्वारी? आईनं जन्मात नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं. नवी नवरी असताना, सासरच्या चार माणसांत, ती त्यांना स्वारी म्हणायची. पुढं मुलं झाली आणि स्वारीचे 'हे' झाले. ऋजुताला त्यात ऑटो ऐकू आली, सिस्टरला महाकालाची पालखी, आणि डॉक्टरांना बहुधा घरी जायची घाई. प्रत्येकाच्या पदरात एकेक शहाणा अर्थ पडला होता. आई सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाची वाट बघत होती, हे मात्र कुणालाच कळलं नव्हतं.

"बघ, बोलते ना छान?" ऋजुता म्हणाली. "तू बस. मी कँटीनमधनं चहा पिऊन येते."

आईचा हात मधूनच झटक्यानं उडत होता, मंगलाष्टकं चालू असताना अक्षता टाकावी तसा. ताप उतरला होता आणि बोलणं चढलं होतं, म्हणजे हे तापाचं नव्हतं. सुमंगलेनं बाटलीकडं पाहिलं. थेंब, मग थेंब. डॉक्टर खालीच ओपीडीत होते. उठायला हवं होतं.

ती स्टूल ओढून बसली.

"कुठवर आली स्वारी?" तिनं हळूच विचारलं.

"आली की. धारेहून सकाळीच निघाली." आईनं खिडकीकडं बोट केलं. "ती काय, टेकडीच्या पायऱ्यांशी. नाडी बांधतेय बुटाची."

वडील नाडीला दुहेरी गाठ मारायचे, दगडावर नीट बसून, सगळं जग ताटकळत ठेवून. ते गेले तेव्हा ती धारला होती. पोचली तेव्हा तिरडी बांधून झाली होती.

तिनं खिडकीकडं पाहिलं. ढग एक पायरी खाली उतरला होता. आई सांगत गेली आणि ढगातून एकेक गोष्ट येत गेली: पितळी किल्लीचं घड्याळ, काखेतली छत्री, स्वारीनं मोटारीत शेजारच्या म्हाताऱ्याला दिलेली अर्धी जागा, धारेहून आणलेले पेरू, वाटेत दोन खाल्लेले. सुमंगला मध्येमध्ये विचारत राहिली. शर्ट कोणता? दमलेत का? पाच मिनिटं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले.

मग तिला राहवलं नाही.

"त्यांना म्हणावं... सुमंगलेसाठी काही निरोप आहे का?"

आईनं कपाळाला आठ्या घातल्या. टेकडीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, अगदी मनापासून आठवायचा प्रयत्न केला.

"सुमंगला कोण, वन्सं?"

पेरूंचा वास होता, घड्याळ होतं, वडील होते. फक्त ती अजून जन्मली नव्हती.

सिस्टर ट्रे घेऊन आत आली. "चलो माताजी, चार बजे का इंजेक्शन."

सुमंगलेनं आईचा उडता हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "रुकिए सिस्टर. डॉक्टर साहब को बुलाइए. माँ होश में नहीं हैं."

"अरे? सुबह से तो कितना बोल रही हैं!"

"हो," सुमंगला मराठीतच म्हणाली. "तेच."

डॉक्टर कोवळ्या वयाचे होते. रक्ताचा नवा रिपोर्ट वाचून त्यांचे कान लाल झाले. मूत्रपिंडं मंदावली होती, औषध बाहेर पडत नव्हतं. साचून डोक्यात चढलं होतं. "हमें लगा, अपनी भाषा में पूजा-पाठ कर रही हैं," ते म्हणाले. त्यांनी ते इंजेक्शन बंद करून दुसरं लिहून दिलं. उतरायला दोन-तीन दिवस लागतील म्हणाले.

ऋजुताला रडू फुटलं. "मी तर खूश होत होते, आत्या."

"मीही," सुमंगला म्हणाली. त्या पावणेदोन तासांबद्दल ती आणखी काही बोलली नाही.

रजा वाढवून ती तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी स्वारी पायऱ्यांशी दिसेनाशी झाली. कुठं गेली, आईला सांगता येईना. संध्याकाळपर्यंत तिनं विचारणंच सोडलं. हात शांत झाला. टेकडीवर नुसता पाऊस होता.

तिसऱ्या सकाळी आईनं डोळे उघडले. त्यांत ती लकाकी नव्हती.

"सुमे? केव्हा आलीस? केस किती पिकलेत गं."

"परवा आले."

आईनं छताकडं पाहिलं. "हे गेले, नाही का गं?"

"हो आई."

"माघात."

"हो."

"मला वाटलंच," आई म्हणाली, आणि भिंतीकडं वळली. सुमंगला तिची पाठ चोळत राहिली. दुसरं काय करणार?

सोडायच्या दिवशी श्रीपाद खाली बिल भरत होता. आई खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती, वेणी घातलेली, पिशवी मांडीवर. जिन्यावर धावती पावलं वाजली आणि ऋजुता दारात येऊन आनंदानं ओरडली,

"चला आजी! सवारी आली!"

आईचा हात उठला. पदर डोक्यावर गेला. मान किंचित लवली, एक्याऐंशी वर्षांची ती मान क्षणभर अठराची झाली, आणि डोळे ऋजुताच्या खांद्यावरून रिकाम्या दाराकडं गेले. सुमंगलेनं श्वास धरला. परत?

दारात कुणी नव्हतं. आईनं ते नीट पाहून घेतलं. मग पदर खाली घेतला, त्यानं ओठ टिपले.

"रिक्षा म्हण गं," ती नातीला म्हणाली. "रिक्षा आली, असं म्हणावं."

आणि उठण्यासाठी तिनं सुमंगलेपुढं हात केला.