घट्ट म्हणजे काय

मूग गिळून बसणं शिट्टीबाईंना जन्मात जमलं नव्हतं, आणि आता तर साधा चहासुद्धा धड गिळता येईना. अख्खी नोकरी पोहण्याच्या तलावाच्या काठावर शिट्टी फुंकत, पोरांवर डाफरत काढलेली ही बाई. मेंदूचा झटका आला, एक हात आणि अर्धं तोंड लुळं पडलं आणि पाण्याचा घोट वाट चुकून फुप्फुसात शिरू लागला. हयातभर कुणाला बुडू दिलं नाही, आणि स्वतःवर बुडायची पाळी आली ती कपभर पाण्यात!

हॉस्पिटलातल्या थेरपिस्टने धाकट्या भावाला बजावलं होतं, "पातळ काही देऊ नका. प्यायचं ते सगळं घट्ट करून द्या." सोबत पावडरचा डबा दिला, बिनसुईची सिरिंज दिली, दहा सेकंदांत सिरिंजमधून किती गळून किती उरतं त्यावरून घट्टपणा मोजायचा कसा तेही दोघांना दाखवलं. भावाने मान डोलावली. त्याच्या लेखी घट्ट म्हणजे घट्ट चहा: पाणी नावाला, दूध सढळ हाताने, उकळून उकळून लालसर झालेला. डबा फडताळात पडून राहिला. त्याने मायेने तसला चहा केला, ताईला रोज पाजला, आणि ताई न्यूमोनिया घेऊन पुन्हा त्याच वॉर्डात दाखल झाली.

या खेपेला डॉक्टर स्पष्टच बोलले. परत छातीत गेलं, किंवा पोटात पुरेसं पाणी गेलं नाही, तर नाकातून नळी घालायची.

भावाने असा धसका घेतला की घरी आल्यावर तो चमच्यामागून चमचा पावडर ओतू लागला. चहा कसला, पोस्टर चिकटवायची खळ! कपात चमचा सरळ उभा राहायचा. "जेवढं घट्ट तेवढं बरं, ताई," तो म्हणायचा. ती खळ घशात बसायची, वर येईना की खाली जाईना. बाईंनी थोडे दिवस सोसलं, मग दात आवळले ते आवळलेच. ओठ फुटले, जीभ कोरडी पडली.

"हट्ट सोड गं," भाऊ रडकुंडीला आला. "उद्या डॉक्टर विचारतील, पोटात किती पाणी गेलं. त्यापेक्षा नळी परवडली. निदान जिवाला घोर तरी नाही."

नळी परवडली! कुणाच्या जिवाला? बाईंचं डोकं सणकलं. चांगला हात त्यांनी टेबलावर आपटला.

"सिरिंज आण," त्या म्हणाल्या. शब्द अडखळला, पण आवाज तलावाच्या काठावरचाच होता. "आणि माझं स्टॉपवॉच."

भावाने सिरिंजच्या टोकाला बोट लावलं आणि वरून ती खळ दहाच्या खुणेपर्यंत कशीबशी भरली.

"बोट काढ!" बाईंनी कळ दाबली. दहा सेकंद झाले. टोकाशी एक थेंब लोंबकळत राहिला, पडला नाही.

"चार ते आठच्या मधे उरायला हवं. हे तर... सगळंच उरलं." बाईंनी कप त्याच्यापुढे ढकलला. "आधी तू पी."

त्याने घोट घेतला. गिळला, परत गिळला, डोळ्यांत पाणी आलं तरी घसा मोकळा होईना.

"मला भीती वाटते, ताई," तो शेवटी म्हणाला. "परत माझ्याच हातून..."

"मलाही वाटते. पण मला प्यायचंय. नळी नको. पुन्हा कर."

त्याने नवा चहा केला, पावडर घातली. सिरिंजमधून तो बघता बघता सगळा खाली. "पुन्हा." पुढच्या कपात गुठळ्या. "पोहायलाही असाच धसमुसळा होतास. पुन्हा." मग मात्र त्याने नीट मोजून पावडर घातली, जोरात ढवळली, कप झाकून पावडर मुरेपर्यंत थांबला. सिरिंज भरली. दहा सेकंद. सहा उरलं.

शिट्टीबाई ताठ बसल्या. कप स्वतःच उचलला, भावाला हात लावू दिला नाही. एक घोट. दोघंही खोकल्याची वाट बघत थांबले. खोकला आला नाही. दुसरा घोट, तिसरा. डोळे वटारून भावाकडे बघत त्यांनी कप रिकामा केला.

"कसा झालाय?" त्याने भीत भीत विचारलं.

"भिकार," बाई म्हणाल्या आणि कप पुढे सरकवला. "अजून एक."