भिंतीआडचं परसदार

मित्रांनो, नाणं टाकून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम तुमच्याशी बोलतो आहे. अंगानं कपाटाएवढा, आवाजानं बसका, आणि रंगाचं म्हणाल तर तो कधीकाळी लाल होता. हल्ली मी प्रदर्शनाच्या एका थंडगार दालनात उभा असतो. माझ्याभोवती जाड दोरी बांधली आहे आणि शेजारी पाटी लावली आहे, 'रहस्य दडवणारा खेळ'. लोक पाटी वाचतात, माझ्याकडे कौतुकानं बघतात, माझ्याबरोबर फोटो काढतात. आणि मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगतो.

माझी पेटी एका सुतारानं केली. पोटातला खेळ मात्र एका चष्मेवाल्या गृहस्थांनी एकट्यानं लिहिला. खेळ साधाच होता. एक राजवाडा, त्यात शिरलेले चोर, आणि त्यांना हाकलणारा एक पहारेकरी. दांड्यानं पहारेकऱ्याला पळवायचं आणि बटण दाबून त्याची काठी चालवायची. पण ते गृहस्थ भारी हौशी. राजवाड्याच्या स्वयंपाकघरामागे त्यांनी एक परसदारही काढायला घेतलं होतं. तेवढ्यात वरून घाई झाली आणि काम अर्धवट राहिलं. पुसायलाही सवड नव्हती, म्हणून त्यांनी त्याच्यापुढे सरळ एक भिंत उभी केली. पाहुणे दारात आले की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो ना, त्यातलाच प्रकार. त्या परसदारात काय काय काढलं होतं, ते मला स्वतःला कधी दिसलं नाही. माझा पडदा बाहेरच्या बाजूला. मला दिसतात ती फक्त समोर उभ्या राहणाऱ्यांची तोंडं.

पुढे मी एका अरुंद गाळ्यात आलो. एका बाजूला शिंप्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला चपला शिवणाऱ्याची टपरी, आणि मध्ये आम्ही. मालक गोल पोटाचे, हसरे, बोलण्यात कोणाला हार जातील तर शपथ. शाळा सुटली की मुलांची नुसती झुंबड उडायची. कोणी माझी पाठ थोपटायचं, कोणी हरल्यावर लाथ घालायचं. ते दिवस फार सुखाचे होते.

माझ्यात एक खोट होती. आतला पंखा लवकरच बंद पडला. मालकांनी पाठीमागे दुसरा पंखा बसवला आणि त्याची वायर गल्ल्यामागच्या प्लगला जोडली. दुकानात मोकळा प्लग तो एवढाच. आता दुपारी जेवण झालं, गर्दी पांगली, की मालकांच्या डोळ्यांवर झापड यायची. मग ते माझी वायर काढायचे, आपला टेबलफॅन लावायचे आणि खुर्चीत घोरायला लागायचे. जाग आली की डोळे उघडायच्या आधी हात प्लगकडे जायचा आणि माझी वायर पुन्हा जागेवर यायची. तेवढ्यानं काय होतंय, असं त्यांना वाटायचं.

होत होतं, मित्रांनो. मी तापायचो. तापानं फणफणलेला माणूस बरळतो, तसा मी बरळायचो. कुठली भिंत कुठे काढायची, तेच मला आठवायचं नाही.

मालकांना एकच मुलगी. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला टिकली म्हणायचे. तिची आई कामावरून संध्याकाळी यायची, तोवर टिकली दुकानात थांबायची. दुपारी मी रिकामा असायचो, तेव्हा ती स्टुलावर चढून खेळायची. एके दिवशी असाच मी तापलो होतो. टिकली पहारेकऱ्याला घेऊन स्वयंपाकघरात शिरली आणि तिचे डोळे बशीएवढे झाले. तिनं दांडा सोडला, स्टुलावरून उडी मारली आणि ती धावत बाबांकडे गेली.

"बाबा, उठा! भिंत गेली! मागे परस आहे, चला ना, लवकर चला!"

पोरगी हरखून गेली, असं मला वाटलं. आजवर पुष्कळांनी माझी वाहवा केली होती, पण असे डोळे कोणी केले नव्हते. तापातसुद्धा मी फुलून गेलो.

मालक दचकून उठले. हात सवयीनं प्लगकडे गेला. मग चष्मा सापडेना, चप्पल सापडेना. कुरकुरत ते माझ्यापुढे येईपर्यंत पाठीला वारा लागला होता आणि मी भानावर आलो होतो. भिंत जागच्या जागी होती.

"कुठाय परस? झोपेचं खोबरं केलंस माझ्या," मालक म्हणाले आणि तोंड धुवायला निघून गेले.

टिकलीनं ते संध्याकाळी मुलांना सांगितलं. मुलांत एक लंबू होता, सगळ्यांचा पुढारी. तो म्हणाला, "दाखव मग." सुट्टीच्या सकाळी सगळी टोळी जमली. शिंपीमामा गळ्यातली टेप न काढताच आले. मालकांनाही हुरूप आला होता, रहस्य खरं निघालं तर धंद्याला बरंच होतं. त्यांनी स्वतः स्टूल पुसून दिलं. पाठीमागे माझा पंखा झकास फिरत होता आणि मी ठणठणीत होतो. इतकं ठणठणीत असल्याची लाज मला त्या सकाळी पहिल्यांदा वाटली.

टिकलीनं पहारेकऱ्याला भिंतीवर नेलं. तो आपटला. तिनं पुन्हा नेलं, पुन्हा आपटला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. ती दांडा ओढत राहिली, तिचे कान लालबुंद झाले. मी आतल्या आत जिवाचा आटापिटा करत होतो, पण स्वतःहून तापायचं कसं, ते मला ठाऊक नव्हतं. तिनं मागे वळून बाबांकडे बघितलं. मालकांची चारचौघांत फजिती झाली होती. ती झाकायला ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "अरे, टिकलीचं काय ऐकता रे! थापा मारायची सवयच आहे तिला."

त्या दिवसापासून तिचं नाव थापाडी पडलं.

काही दिवसांनी दुपारी पुन्हा मी तापलो. टिकलीचा पहारेकरी स्वयंपाकघरातच होता. ती थांबली. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली, मग वळून घोरणाऱ्या बाबांकडे एकदा बघितलं. हाक मारली नाही. पहारेकऱ्याला तिनं गुपचूप दुसऱ्या खोलीत नेलं आणि त्यानंतर ती माझ्याशी फारशी खेळली नाही.

एकदा तिनं सांगितलं, दुकानाच्या शटरला शॉक बसतो. कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी शिंपीमामा शटरला टेकले आणि टुणकन उडाले, तेव्हा कुठे वायरमनला बोलावणं गेलं. पण "पोरगी खरं बोलत होती" असं कोणाच्या तोंडून निघालं नाही. मग टिकलीनं वेगळीच सवय लावून घेतली. पाय मुरगळला तर ती आधी सूज दाखवायची, मग दुखतंय म्हणायची. मैत्रिणीकडे गेली तर तिच्या आईला दुकानापर्यंत घेऊन यायची, मी तिकडेच होते हे सांगायला. मालक कौतुकानं म्हणायचे, "आमची टिकली आता शहाणी झाली."

गंमत पुढेच आहे. टिकलीला हसलेली मुलं हळूच एकेकटी यायला लागली आणि भिंतीवर डोकं आपटून बघायला लागली. कोणी म्हणे एका पायावर उभं राहून खेळायचं, कोणी म्हणे बटणावर फुंकर मारायची, कोणी धाकट्या बहिणीला शेजारी उभं करायचं. एक पठ्ठ्या तर डोळे मिटून खेळायचा. मग एक दिवस लंबूनं जाहीर केलं, "मला दिसलं! आत सोन्याचा ढीग आहे आणि वर राणी बसलीय." लगेच सगळ्यांचा विश्वास बसला. तो छातीठोकपणे बोलला ना! पाठोपाठ आणखी चौघांना राणी दिसली. मालकांनी बाहेर पाटी रंगवून घेतली आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरेना. मी गर्दीनं सुखावलो. ज्या दुखण्यापायी एका मुलीचा शब्द मातीमोल झाला, त्याच दुखण्याच्या जोरावर मी मिरवत होतो. आठवलं की आजही माझ्या लाकडाला घाम फुटतो.

मुलं मोठी झाली. घराघरांत संगणक आले, खेळ खिशातल्या फोनमध्ये गेले. दुकान बंद पडलं आणि माझी रवानगी गोदामात झाली. माझ्या डोक्यावर पत्र्याचे डबे आणि पोटात उंदरांची पिल्लं. कहाणी मात्र माझ्याहून तरतरीत निघाली. लंबूनं ती इंटरनेटवर लिहिली, मग कुठली कुठली माणसं लिहायला लागली, आम्हीही पाहिलं, आम्हीही पाहिलं. ज्यांनी मला कधी हात लावला नव्हता, त्यांनाही राणी दिसून गेली.

या सगळ्या कहाण्या गोळा करणाऱ्या एक ताई आहेत. व्हिडिओ गेम आणि संगणक यांच्या अवतीभवती लोक काय काय दंतकथा रचतात, कशावर विश्वास ठेवतात, ते लिहून पुस्तकात छापायचं, हेच त्यांचं काम. त्यांनीच मला गोदामातून बाहेर काढलं, धुतलं-पुसलं आणि इथे आणलं. त्यांनी मालकांना मुलाखतीसाठी बोलावलं. मालक आता पार थकले आहेत, जिभेची धार तेवढी शाबूत आहे. त्यांना घेऊन आली टिकली. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. मला ती बघताक्षणी ओळखू आली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे नजर वळवली.

कॅमेरा लावला होता, बघे दोरीपलीकडे उभे होते. ताईंनी आधी तिलाच विचारलं, "तुम्ही तर दुकानातच वाढलात. तुम्हाला कधी दिसलं का ते परसदार?"

"छे हो," टिकली हसत म्हणाली. "लहानपणी थापा मारायचे मी. नाद होता तेवढा."

मित्रांनो, तिला लोकांनी खोटारडी म्हटलं तेव्हा मला लाज वाटली होती. पण ती स्वतःच स्वतःला तसं म्हणाली, तेव्हा मला या दोरीच्या आत उभं राहवेना. खोटं बोलणाऱ्यांची नावं ताईंच्या पुस्तकात छापली जाणार होती आणि जिनं खरंच पाहिलं, तीच नाही म्हणत होती.

मग मालकांची पाळी आली. ते रंगात आले. मुलांच्या मारामाऱ्या, शिंपीमामांची उडी, सगळं साभिनय सांगून झालं. "आणि माझी झोप!" ते म्हणाले. "दुकानात प्लग एकच. मी काय करायचो, या डब्याच्या पंख्याची वायर काढायची, आपला पंखा लावायचा आणि ताणून द्यायची. म्हटलं, डब्याला कसलं उकडतंय!"

सगळे हसले. ताई हसता हसता थांबल्या. "म्हणजे रोज दुपारी याचा पंखा बंद असायचा?"

"रोज! का हो?"

"हा खेळ लिहिणाऱ्यांना मी भेटून आले आहे," ताई म्हणाल्या. "ते म्हणाले, रहस्य वगैरे काही नाही. भिंतीमागे एक अर्धवट चित्र राहून गेलंय. पण यंत्र फार तापलं तर भिंत उमटत नाही आणि मागचं दिसतं. आजवर मला भेटलेल्यांपैकी कोणाच्याच बोलण्यात यंत्र तापल्याचं आलं नव्हतं, म्हणून मी सगळ्याच गोष्टी बनावट धरल्या होत्या."

मालक पुढे काहीतरी बोलणार होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या पाठीमागच्या वायरीकडे. "म्हणजे मी झोपलो, की..." एवढंच म्हणाले. मग ते खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळले. "टिकले, काय दिसलं होतं गं तुला?"

"जाऊ द्या ना, बाबा. लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. सांग."

ती कॅमेऱ्याकडे न बघता, खाली बघून बोलायला लागली. "दोरीवर कपडे वाळत होते. एक गाय होती, तिला मागचे पायच नव्हते. आणि विहिरीपाशी एक बाई बसली होती, माझ्याकडे तोंड करून. पण तोंडच नव्हतं तिला. नुसता कोरा गोल."

"चेहरा काढायचा राहिला होता," ताई हळूच म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं होतं मला. मी ते अजून कुठेच लिहिलेलं नाही."

टिकलीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बाबांशी बोलत होती. "मी खूप घाबरले होते, बाबा. मला तुम्हाला काही दाखवायचं नव्हतं. तुम्ही उठाल आणि मला जवळ घ्याल, म्हणून मी आले होते."

आणि मी! ते बशीएवढे डोळे मी जन्मभर माझं सर्वांत मोठं कौतुक म्हणून जपले होते. माझ्यापुढे एक लहान मूल भेदरून उभं होतं आणि मी फुशारलो होतो.

बोलण्यात कधी हार न गेलेल्या मालकांनी तिचा हात धरून तिला खाली ओढलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घट्ट दाबून धरलं. शर्टाला लावलेला माईक तिच्या केसांत अडकला, तरी त्यांनी सोडलं नाही. टिकली आधी अवघडली. मग लहान मुलासारखी हुंदके देऊन रडली. कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद केला आणि दोरीपलीकडचे बघे मुकाट्यानं पुढच्या दालनात गेले.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, असं मी सांगायला हवं. पण ते मागायला मला तोंड नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, उद्या तुम्ही मोठे व्हाल, दुपारी तुमचा डोळा लागलेला असेल आणि एखादं पोर धावत येऊन तुम्हाला हलवेल. ते जे सांगेल ते खरं की खोटं, हे मागाहून बघा. आधी त्याला जवळ घ्या.