कापूस घातलेली बाटली

गोळ्या खडखडतात म्हणून मी बाटलीत वरून कापूस कोंबून ठेवायचे. बाटली कॅल्शियमची, सासूबाईंचीच, रिकामी झालेली. आतल्या गोळ्या माझ्या, एचआयव्हीच्या. ठेवायची कपाटात, चादरींच्या मागे. दिवसभर लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्री करायची आणि घरी येऊन स्वतःचंच औषध चोरून खायचं. वैताग आला होता नुसता.

हा सगळा खटाटोप नवऱ्यासाठी. तो याच आजाराने गेला, पण "आईला कळू देऊ नकोस" हे वचन माझ्या गळ्यात अडकवून गेला. सासूबाईंना वाटत होतं, मुलगा काविळीने गेला.

काल बाटली उचलली तर हलकी लागली.

"अगं, माझ्या संपल्या होत्या," सासूबाई गुडघे चोळत म्हणाल्या. "चादर काढताना ही सापडली. गोळीचा रंग बदललाय वाटतं. पण गुण आला हो! शेजारणीलासुद्धा सांगितलं मी."

हसावं की रडावं, कळेना. थाप मारायला तोंड उघडलं. थापा मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण यांना डॉक्टरांकडे न्यायलाच हवं होतं, आणि तिथे काय सांगणार? शिवाय खरं सांगते, मी थकले होते. खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. गोळ्या कसल्या, आजार कसला, तो आधी कुणाला झाला.

आता या माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतील, माझं ताट वेगळं काढतील, म्हणून मी मान खाली घालून बसले. सासूबाई बाटलीकडेच बघत होत्या.

"तू कधीपासून घेतेस?"

"तो गेला तेव्हापासून."

"आणि चांगली धडधाकट आहेस."

"हो."

"मग त्याने का नाही घेतल्या?"

याचं उत्तर मला कधीच द्यायचं नव्हतं.

"घरात आणल्या तर तुम्हाला कळेल म्हणून."

मग बाटलीत बोट घालून त्यांनी कापूस ओढून काढला. बाटली कानाशी नेऊन हळूच हलवली.

"एवढासाच तर आवाज आहे गं," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा आवाजाला घाबरला तो."