वरून दिसलेलं गाव

श्यामरावांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि छाती ठोकून सांगितलं, "आपल्या कलकत्त्याचं बेहाला. ही बघा विमानाची धावपट्टी."

ती धावपट्टी नव्हती, उन्हाळ्यात उघडं पडलेलं नदीचं वाळवंट होतं. भालचंद्र नुसता हसला.

नकाशे करणाऱ्या सरकारी खात्यात तो होता. विमानातून काढलेल्या फोटोंच्या बाद झालेल्या प्रती तो रविवारी भवानीपूरच्या घरी आणी, आणि जमलेल्या मराठी मंडळींनी जागा ओळखायची असा खेळ रंगे. जिंकेल त्याला बंगाली मिठाईचा, संदेशचा, पहिला तुकडा. बँकेतले श्यामराव गंगेचं कुठलंही वळण दिसलं की बागबाजार म्हणून मोकळे होत, आणि चुकले तरी संदेश उचलतच. भालचंद्राची आई, कालिंदीबाई, मात्र एकदाही जिंकली नव्हती. तुम्ही घारीसारखं बघता, मी पायी चालणारी बाई, मला काय कळणार, असं ती म्हणे.

आज तिनं जिंकावं म्हणून त्यानं मुद्दाम हा फोटो आणला होता. कृष्णाकाठच्या पाहणीसाठी यंदाच काढलेल्या फोटोंच्या गठ्ठ्यात त्याला आपल्या गावचं वळण आणि घाटावरचं देऊळ दिसलं, आणि तो हरखून गेला. ब्राह्मणआळीकडे त्यानं पाहिलंच नाही. जळून गेलेल्या घराची जागा कशाला शोधायची?

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर आई कलकत्त्याला आली ती सून हेमाच्या बाळंतपणासाठी, दोन-तीन महिन्यांपुरती. तेवढ्यात गांधीजींचा खून झाला, गावोगाव जाळपोळ झाली, आणि गावी राहणाऱ्या धाकट्या दत्तात्रयानं कळवलं, की आपलं सगळं भस्म झालं, आम्ही गोठ्यात दिवस काढतोय, आईला आणू नका. त्याला सहा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात आई विचारी, यंदा जाऊ का रे? आणि दर उन्हाळ्यात दत्तात्रयाकडून एकच उत्तर येई, की अजून पायासुद्धा खणलेला नाही. मग दोन दिवस आईचं जेवणावरचं मन उडे. इथे तिला बोलायला शेजारीण नव्हती. नातसुद्धा तिला आजी न म्हणता बंगाली मुलांसारखं 'ठाकुमा' म्हणे. तिला एकदा घरी पोचवायचं, हे भालचंद्राच्या जिवाला लागून राहिलं होतं.

"आता आईंना द्या," हेमा म्हणाली.

आईनं फोटो खिडकीच्या उजेडात नेला. भिंगाखाली तिचं बोट आधी उगीच भिरभिरलं, मग नदीपासून चालू लागलं. घाट चढलं, देवळाला वळसा घालून पारापाशी जरा टेकलं आणि आळीत शिरलं. पिण्याच्या पाण्याची घागर घेऊन ती इतकी वर्षं जशी चालली, तसंच. आता ही ओरडून गावाचं नाव घेणार, म्हणून भालचंद्र आतुर झाला होता.

बोट आळीत थबकलं. तिथून हलेचना.

तो तिच्या खांद्यावरून वाकला. दोन घरांच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या, आत काळं. त्यांना लागून त्यांचं घर. कौलं जागच्या जागी, चौक मोकळा, परसात विहीर. गोठा होता तिथे नव्या पत्र्याची लांबलचक पडवी उन्हात चमकत होती.

त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सहा वर्षं त्याला भावाची कणव येत होती, आपण इथे विजेच्या पंख्याखाली निजतो याची शरम वाटत होती. आणि भाऊ तिकडे अंगाला राखही न लागता, आई परत येऊ नये एवढंच बघत होता.

"काय, ओळखलंत का?" श्यामरावांनी ताटलीवरची नजर न काढता विचारलं.

आईनं पदरानं भिंग पुसलं आणि परत दिलं.

"नाही बाई. हरले मी."

बेहालाच आहे हे श्यामरावांनी पुन्हा बजावलं.

मंडळी गेल्यावर तो आईसमोर येऊन उभा राहिला. उद्याच रजा टाकतो, म्हणाला, तुला घेऊन जातो आणि दत्तूला चार माणसांत जाब विचारतो. आई ताटल्या गोळा करत होती, त्या तिनं खाली ठेवल्या नाहीत.

"नको. त्याच्याजवळ हा विषय काढू नकोस. मला कळलं हे समजलं तर फार मनाला लावून घेईल. हळवा आहे तो पहिल्यापासून."

सहा वर्षं भालचंद्रानं तिचं दुखलंखुपलं सगळं पाहिलं होतं. त्याला स्वतःला मात्र हळवा असं ती कधी म्हणाली नव्हती.

ताटल्या घेऊन आई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, आणि तिथूनच म्हणाली, "पुढच्या रविवारी इथलेच फोटो आण. मला आता हे गाव ओळखायला शिकलं पाहिजे."