जसं नेलं तसं

गावच्या महारवस्तीनं नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात खुशालराव पाटलांचा थोरला बैल मेला आणि दोन दिवस फाटकासमोर तसाच पडून राहिला. वस्तीत तीनदा सांगावा गेला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, मेलेलं ढोर ओढणं आम्ही सोडलं. शेवटी पाटलांच्याच सालदारांनी नाकाला फडकी बांधून तो नाल्यापर्यंत ओढत नेला. बाळापूरच्या आसपास कुठल्या पाटलाची अशी फजिती आजवर झाली नव्हती. गावानं तोंड वळवून हसून घेतलं.

नत्थुजी त्या वस्तीतलाच. बाळापूरला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात फिटर होता. रविवारी सायकलने गावी यायचा आणि घर गाठायच्या आधी पाटलांच्या गोठ्यामागे थांबायचा. तिथं बाभळीखाली एक ट्रॅक्टर पडलेला होता. दुसरी मोठी लढाई संपल्यावर पाटलांच्या वडलांनी आणलेला, रॉकेलवर चालणारा, लोखंडी दात्यांच्या चाकांचा. दोन हंगाम चालला आणि तिसऱ्याला बसला तो बसलाच. उंदरांनी रेडिएटरमागे घर केलं, कोंबड्या सीटवर अंडी घालू लागल्या. गावाला ते भंगार दिसायचं. नत्थुजीला तो नुसता आजारी दिसायचा, आणि आजारी मशीन पाहिलं की या माणसाला घास गोड लागत नसे.

बैल मेल्यानंतरच्या रविवारी पाटील ओट्यावरच बसले होते. शेजारी किसनराव, गावचे जुने पंच आणि पाटलांचे चुलतभाऊ.

"काय पाहून राह्यला बे नत्थ्या?" पाटलांनी हाक मारली.

"काई नाई पाटील. मॅग्नेटो गेलेला दिसते याचा, ठिणगी पडत नसन."

"तुले आवडला का हा?"

पाटील किसनरावांकडे बघून हसले.

"मंग ने ना घरी. बैल वढाले लाज वाटते ना तुमाले? हे लोखंडाचं ढोर हाय, हे वढा. मेलेलं ढोर ज्यानं वढलं त्याचं, आपला जुना रिवाजच हाय. काहून किसनराव?"

"हाय बावा, रिवाज तं हाय," किसनरावांनी पान चघळत मान हलवली.

ओट्यावरची माणसं पोट धरून हसली. नत्थुजीला ते लागलं नाही असं नाही. पण त्यानं हसणं संपू दिलं आणि मग विचारलं, "खरंच नेऊ का पाटील?"

"ने म्हनलं ना! जागा तं मोकयी होईन."

घरी जाईबाईनं ऐकलं आणि हातातली परात आपटली. "अवो, डोक्शावर पडले का तुमी? वढनं सोडलं ना आपन? अन् आता त्याच्याच दारातून वढून आनता?"

"ढोर नाई वं थे. इंजिन हाय."

"पाटलानं ढोर म्हनूनच देल्लं. लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले म्हनू दे. मले थे चालतांनी पाहाचं हाय."

दुसऱ्या रविवारी वस्तीतली तीस माणसं दोरखंड घेऊन गेली. काही कुरकुरत गेली, पण गेली. ट्रॅक्टर वस्तीत आला तेव्हा त्याच्या चाकांनी रस्त्याला चर पाडले होते, आणि गावभर एकच नाव झालं, नत्थुजीचं ढोर.

तीन वर्षं गेली. नत्थुजीकडे नांगरायला स्वतःचं वावर नव्हतं. त्याला ट्रॅक्टर का हवा, हे त्यालाही सांगता येत नसे. नाद होता, एवढंच. अमरावतीच्या भंगार बाजारातून त्यानं मॅग्नेटो आणला, तो सायकलला बांधून आणताना दोनदा पडला. पिस्टनच्या रिंगा अकोल्याला सापडल्या. कार्बोरेटर जिनातल्या फुटक्या पंपाचा होता, तो त्यानं कानशीनं घासून बसवला. स्टेअरिंगचं चाक बाभळीचं केलं. जाईबाईनं दोन दिवाळ्या नवं लुगडं मागितलं नाही. तोंडानं शिव्या देत ती राखेनं बोल्ट घासायची, आणि कुठला बोल्ट कुठला हे तिला नत्थुजीपेक्षा चांगलं ठाऊक झालं. काढलेले जुने, गंजलेले भाग त्यानं एका पोत्यात बांधून छपराखाली ठेवले होते. फेकायला त्याचा हात धजत नव्हता.

चौथ्या वर्षी चैत्रातल्या एका रविवारी सकाळी त्यानं हँडल मारलं. सात वेळा काही झालं नाही. आठव्या वेळी ट्रॅक्टर खोकला, काळा धूर ओकला आणि धडधडायला लागला. वस्तीतली कुत्री पळाली. जाईबाई दारात उभी राहून एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. नत्थुजी बॉनेटवर तळहात ठेवून उभा होता, आणि ती धडधड त्याच्या कोपरापर्यंत चढत होती. असं सुख त्याला लग्नातही झालं नव्हतं, हे त्यानं पुढं बायकोला सांगितलं आणि बोलणी खाल्ली.

वस्तीचं एक पडीत रान होतं. हराळीनं असं धरलेलं की बैलांचा नांगर तिथं टेकत नसे. जिनमालकाचा जुना नांगर मागून आणून नत्थुजीनं ते रान उलथून टाकलं. घराएवढी ढेकळं निघाली आणि हराळीच्या मुळ्या उन्हात पांढऱ्या पडल्या. अख्खा गाव बांधावर आला होता. पाटीलही आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंच बोलावले.

मारुतीच्या पारावर किसनराव बसले. नत्थुजी खाली उभा राहिला, मागे वस्ती, आणि बायकांच्या पुढे जाईबाई.

"माहा ट्रॅक्टर मले वापस पायजे," पाटील म्हणाले. "दुरुस्तीले देल्ला होता."

"दुरुस्तीले?" नत्थुजीचा आवाज चिरकला. "तुमी रिवाज सांगतला होता पाटील. ज्यानं वढलं त्याचं. किसनराव बसूनच होते."

किसनरावांना खोटं बोलायचं नव्हतं. खोटं न बोलताही माणसाला कसं मारावं, हे त्यांना येत होतं.

"रिवाज म्या ऐकला होता," ते सावकाश म्हणाले. "पन थो रिवाज कोनाचा हाय नत्थु? गावाचे ढोरं वढते त्याचा. तू पंचाईसमोर म्हन, म्या गावचा महार हावो, ढोर वढनं माह्यं काम हाय. मंग ट्रॅक्टर तुहा. अन् उद्या पाटलाचा बैल मेला तं थोबी तुहाच. रिवाज पुरा घ्या लागते, अर्धा घेता येत नाई."

पारावर कुणी हसलं नाही. नत्थुजीची मान खाली गेली. खरं सांगायचं तर ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. दोन शब्द बोलायचे आणि तीन वर्षं वाचवायची. त्यानं मागं पाहिलं. जाईबाई त्याच्याकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती. बोललात तरी मी तुम्हाला टाकून बोलणार नाही, असं ते पाहणं होतं. त्यामुळेच त्याला बोलता आलं नाही.

"नाई म्हनत म्या," तो म्हणाला.

"मंग थो दुरुस्तीलेच देल्ला होता," किसनरावांनी निवाडा दिला. "जसा नेला तसा पाटलाच्या दारात आनून दे. झालं."

नत्थुजीनं मान वर केली. "जसा नेला तसा?"

"जसा नेला तसा."

"सगयाईनं ऐकलं ना?" त्यानं गावाला विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

दुपारी त्यानं ट्रॅक्टर स्वतः चालवत आणला. वस्तीतून, पारासमोरून, थेट पाटलांच्या फाटकापर्यंत. पाटलीणबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या, पाटलांच्या हातात झेंडूचा हार होता. नत्थुजीनं फाटकाच्या मधोमध ट्रॅक्टर उभा केला आणि इंजिन बंद केलं. मग डब्यातून पाना काढला.

जाईबाईनं जुनं लुगडं जमिनीवर पसरलं आणि ते पोतं शेजारी ठेवलं.

पहिल्यांदा मॅग्नेटो निघाला. मग कार्बोरेटर. मग बाभळीचं चाक. तेव्हा पाटलांना उमजलं. "काय करून राह्यला बे हरामखोरा?"

"जसा नेला तसा देऊन राह्यलो पाटील. पंचाईचा निवाडा हाय."

"किसनराव, थांबवा याले!"

किसनरावांनी पान थुंकलं आणि दुसरीकडे पाहिलं. शब्द त्यांचाच होता, आणि अख्ख्या गावासमोर दिलेला होता.

रिंगा काढायला इंजिन पूर्ण उघडावं लागलं. ऊन कलेपर्यंत तो राबत होता. लोखंड इतकं तापलं होतं की बोटांना फोड आले. गावाला वाटलं, नत्थुजी सूड घेतोय. सूडच होता तो, नाही कशाला म्हणा. पण एकेक बोल्ट ढिला करताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते तो पुसतही नव्हता. जाईबाई पोत्यातला एकेक गंजका भाग काढून देत होती, आणि तो ते जिथले तिथे बसवत होता. फुटका मॅग्नेटो, झिजक्या रिंगा, मोडकं चाक. शेवटी तो खाली उतरला, बॉनेटवर एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "घ्या. मेलेला देल्ला होता, मेलेला घ्या."

लुगड्याचं गाठोडं जाईबाईनं डोक्यावर घेतलं आणि दोघं वस्तीकडे चालू लागली.

आज हलवू, उद्या हलवू म्हणता मृगात पाऊस पडला आणि लोखंडी चाकं काळ्या मातीत आसापर्यंत रुतली. पाटलांनी चार बैलजोड्या जुंपल्या, दोर तुटले, ट्रॅक्टर हलला नाही. फाटक अडलं ते अडलंच, अजून गाड्या परसातून न्याव्या लागतात. एकदा वस्तीत सांगावाही आला, तीस माणसं पाठवा. वस्तीनं जुनंच उत्तर पाठवलं.

नत्थुजी रविवारी अजून येतो, पण नाल्याच्या फेराने, दीड कोस जास्त सायकल मारून. एकदा जिनातल्या सोबत्यानं विचारलं, "सरका रस्ता सोडून हिकून काहून जातं बे?"

नत्थुजीनं पायडल थांबवलं नाही. "त्या रस्त्यात," तो म्हणाला, "माह्या घरचं मढं पडून हाय."