पिवळं पाणी

डॉक्टरांनी ताईला सांगितलं, की दोन्ही डोळ्यांचे पडदे सुकत चाललेत. दिसेल ते अजून तीन-चार महिने. पस्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून दिलेली माझी थोरली बहीण घरी आल्यावर म्हणाली, "छकू, मला समुद्रातले मासे पाळायचेत. साधे नकोत, खाऱ्या पाण्यातले. रंग असावा तर तसा."

शिलाई मशीन विकून तिने तो कोपरा मोकळा केला. रविवारी आम्ही काचेची टाकी, पंप, खडक आणि मिठाचं पोतं घेऊन आलो. दुकानदाराने बजावलं, "पाणी तयार व्हायला, म्हणजे त्यातलं विष जिरवणारे जंतू वाढायला, सहा आठवडे लागतील. तोवर मासा सोडायचा नाही. रोज या नळीत थोडं पाणी घेऊन त्यात हे औषध टाकून तपासा. हिरवं झालं तर पाण्यात विष आहे. पिवळं राहिलं की या."

"मासे विकणाराच मासे नको म्हणतोय," ताई हसली. "भला माणूस दिसतो."

मी दिवसभर लॅबमध्ये, रक्त तपासण्याच्या कामात. त्यामुळे घरचं पाणी तपासायचं काम ताईने घेतलं. संध्याकाळी मी दारात चप्पल काढेपर्यंत ती निकाल सांगायची. आधी हिरवं, मग फिकट हिरवं. चौथ्या आठवड्यात म्हणाली, "पिवळं! सलग पाच दिवस."

"इतक्या लवकर?"

"सगळं पाणी सारखं नसतं."

शनिवारी मी नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आणले. दुकानदाराने विचारलं, पाणी तपासलंत ना? मी छातीठोकपणे हो म्हणाले. दुपारभर ताई काचेला नाक लावून बसली. जेवायलाही उठली नाही.

रविवारी दुपारी मासे वर येऊन तोंड वासायला लागले. मी घाईघाईने नळीत पाणी घेतलं, औषध टाकलं. गर्द हिरवं. शेवाळासारखं.

मी नळी ताईसमोर धरली. "हे काय आहे?"

तिने ती खिडकीकडे नेली, डोळ्यांजवळ आणली, तिरकी केली. "पिवळं," ती म्हणाली. मग हळूच, "नाही का?"

"रंग दिसत नव्हते तर सांगायचं ना! रोज मला थापा मारत होतीस?"

"थापा नाही गं. अंदाजाने सांगत होते. खरं सांगितलं असतं तर तू मासे आणले असतेस?"

संध्याकाळपर्यंत दोन्ही मासे गेले. मी ते जाळीने काढले. ताई पाठ करून बसली होती. मला तिची कीवही आली आणि संतापही. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. त्याची आता लाज वाटते.

पुढे रोज मीच पाणी तपासलं. ते खरोखर पिवळं व्हायला आणखी सात आठवडे गेले. दुकानदाराला सगळं सांगितलं, तेव्हा त्याने एकच मासा दिला आणि तोही मनाविरुद्ध.

मी ताईला टाकीसमोर बसवलं. "उजवीकडे बघ, खडकाच्या वर."

तिने मान वळवली. मासा तोवर डावीकडे गेला होता. "हो, छान आहे," ती म्हणाली.

मासा अजून जिवंत आहे. त्याला खायला मी घालते. ताई दुसऱ्या खोलीत रेडिओ लावून बसते.