शिशाला वास नसतो

यातला शब्द न् शब्द खरा आहे, अगदी गळ्याशपथ! ज्याला खोटं वाटत असेल त्याने आत्ताच उठावं आणि बाहेर जाऊन बसावं.

तर एक आजी होती आणि तिला नाक होतं. नाक काय, सगळ्यांनाच असतं. पण हिचं नाक म्हणजे नाक! तिसऱ्या गल्लीत कुणाचं दूध उतू जायच्या बेतात असलं, की ही इथून ओरडायची, "अगं, गॅस बंद कर!" जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याने बेल वाजवायच्या आत हिने सांगून टाकलं, मुलगा बरा आहे, पण मोजे कालचे आहेत.

हिची नात चिमणी, दोन वर्षांची. आईबाप कामाला जायचे आणि चिमणी दिवस दिवस आजीकडे. पण हल्ली पोर मलूल झाली होती. जेवेना, पोट धरून रडायची. रक्त तपासलं, तर रक्तात शिसं निघालं!

लेक रिपोर्ट घेऊन दारातच उभी राहिली. "आई, आमच्याकडे सगळं शोधलं, काही नाही. ते तुझ्याच घरात आहे. दोन दिवस रजा घेतलीय मी. तेवढ्यात नाही सापडलं, तर चिमणीला पाळणाघरात घालणार."

हार मानेल ती आजी कसली! "माझ्या नाकाखालून विष जातंय? बघतेच!"

ज्याला वास ते विष, असं हिचं सरळ गणित. डासांची कॉइल गेली. हवेत मारायचा स्प्रे गेला. फिनेल, नेलपॉलिश, बुटांचं पॉलिश, प्लास्टिकचे डबे, सगळं एका पोत्यात. संध्याकाळपर्यंत घर इतकं मोकळं झालं, की शिंक दिली तर चार वेळा परत ऐकू यायची.

एवढ्यात आजोबा कामावरून आले. जुनी दारं-खिडक्या खरवडून नव्याने रंगवायच्या, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम.

"अगं, चोरी झाली की काय?"

"गप्प बसा. शिसं शोधतेय." आणि तिची नजर त्यांच्या कानावर गेली. "अहो! शिसपेन्सिल! नावातच की हो आहे!"

तिने कानावरची पेन्सिल खसकन ओढली. आजोबांच्या केसांतून पांढरट धूळ भुरभुरली. आजीने ती धूळही हुंगून पाहिली. वास काहीच नाही. मग काय, पदराने झटकून टाकली.

दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन स्वारी डॉक्टरीणबाईंकडे. टेबलावर सगळं ओतलं, वर घरातल्या झाडून साऱ्या पेन्सिली ठेवल्या.

डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "आजी, पेन्सिलीत शिसं नसतंच. नाव तेवढं राहिलंय. कॉइल आणि स्प्रे बंद केलात ते चांगलं केलंत. प्लास्टिकमध्ये गरम अन्न घालू नका. पण हे नंतरचं. एकदम दहा शत्रूंच्या मागे लागलात तर दमून जाल आणि खरा मोकळाच राहील. जे जास्त घातक, जे रोज तिच्या तोंडापर्यंत जातं, ते आधी. घरात कोण काय काम करतं?"

"हे जुन्या खिडक्या घासतात."

"कोरड्याच?"

"मग काय, आंघोळ घालून?"

"तेच करायला हवं. जुन्या रंगात बरेचदा शिसं असतं, त्याची धूळ उडते. ते घरी आले की आधी काय करतात?"

"चिमणीला उचलतात," आजी हळूच म्हणाली. "ती त्यांच्या खांद्यात तोंड खुपसते."

त्या संध्याकाळी लेक चिमणीला घेऊन निकाल ऐकायला आली होती. फाटक वाजलं. "आबाऽऽ!" करत चिमणी सुटली. आजी मध्ये आडवी आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तिथेच थांबा. विष तुमच्या कपड्यांवर आहे."

आजोबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. चिमणीला वाटलं, खेळ आहे. ती आजीला चुकवून त्यांच्या मागे, आणि आजोबा पुढे! सदुसष्ट वर्षांचा माणूस अंगणाला तीन फेऱ्या मारून शेवटी न्हाणीघरात घुसला आणि आतून कडी लावली.

"आबा, बाहेर या!"

"नाही राणी, मी घाणेरडा आहे."

"मी पण!"

आतून बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून रंग ओला करून खरवडायचा, तोंडाला चांगला मास्क. आंघोळ कामावरच, कपडेही तिकडेच ठेवायचे, वेगळे धुवायचे. आजीने घरभर ओलं फडकं फिरवलं, कोपरा न् कोपरा, रोज. लेकीने रजा वाढवली नाही, चिमणीला पाळणाघरातही घातलं नाही. म्हणाली, "तीन महिने बघते." आजोबांनीही रक्त तपासून घेतलं, त्यांचा आकडा चिमणीपेक्षा मोठा निघाला, तेव्हा आजी त्यांना पहिल्यांदा मनापासून ओरडली.

तीन महिन्यांनी चिमणीचा आकडा निम्म्यावर आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उतरेल, वेळ लागतो. लेकीने चिमणीची पिशवी आजीच्या खुंटीला अडकवली आणि कामाला गेली. पिशवी तिथेच राहिली.

आता खरं सांगायचं तर, एक गोष्ट पदरची घातलीय. फाटकापाशी आजी खणखणीत वगैरे काही बोलली नाही. कशी बोलणार? तिने नुसते दोन्ही हात पसरले, त्यांच्या धुळकट सदऱ्याकडे बघताना तिचे डोळे भरून आले, आणि आजोबा आपले आपणच मागे सरले.